सूर्य कुठे होता?

२४ मे २०२१ च्या सकाळी बंगळुरूवर सूर्याभोवती मोठे, रेखीव कडे उमटले. टाळेबंदी चालू होती. लोकांनी गच्चीवरून, खिडकीतून त्याची छायाचित्रे काढली आणि पाहता पाहता ती देशभरातल्या फोनांवर पोचली. अनेकांनी त्याला गोल इंद्रधनुष्य म्हटले. महासाथीच्या त्या दिवसांत कुणाला ते शुभ वाटले, कुणाला अशुभ. शास्त्रीय कारण सांगणारेही पुढे आले, पण बातम्यांचा सूर शेवटपर्यंत एकच राहिला: दुर्मीळ दृश्य.

हे दृश्य दुर्मीळ नाही, एवढी एक गोष्ट पटवून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. युरोपात नेमाने आकाश पाहणारे निरीक्षक सरासरी चार दिवसांतून एकदा तरी सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती या जातीचा काही ना काही प्रकाश टिपतात. इंद्रधनुष्य त्या मानाने कितीतरी कमी वेळा दिसते. आपल्याकडेही उंचावरचे पातळ, दुधाळ ढग काही नवे नाहीत. पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे तर ते वारंवार येतात. तरीही चाळिशी ओलांडलेल्या माणसाला विचारावे, तर त्याला उभ्या आयुष्यात एखादेच खळे आठवते, आणि तेही बहुधा चंद्राचे. उन्हात आपण मान खाली घालून चालतो. डोळे दिपतात म्हणून सूर्याच्या बाजूला नजर जात नाही, आणि यांतले बहुतेक प्रकाश नेमके त्याच बाजूला असतात.

आकाशात काही रंगीत दिसले की ओळखीची माणसे मला छायाचित्र पाठवतात आणि विचारतात, हे काय आहे? मी उलट एकच प्रश्न विचारतो: त्या वेळी सूर्य कुठे होता? पुष्कळांना ते आठवत नाही. रंग आठवतात, आकार आठवतो, आपण कुणासोबत होतो तेही आठवते. सूर्य मात्र निसटलेला असतो. खरे तर त्या एका उत्तरावर दहापैकी नऊ वेळा ओळख पटते. सूर्य पाठीशी होता की समोर, किती वर होता आणि रंग त्याच्यापासून किती अंतरावर होते, एवढे कळले तर पाण्याच्या थेंबांचे काम कोणते आणि बर्फाच्या कणांचे कोणते, हे घरबसल्या सांगता येते. पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रमही मी रंगांवरून किंवा आकारावरून ठेवलेला नाही. सूर्याकडे पाठ करून दिसणारे प्रकाश आधी आणि सूर्याकडे तोंड करून दिसणारे नंतर, असा तो आहे.

इंद्रधनुष्याबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांच्या परिचयाचे आहे. सूर्य पाठीमागे आणि पाऊस समोर असावा लागतो. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते त्या बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर मुख्य धनुष्य असते. दुसरे, फिके आणि उलट्या रंगांचे, ५१ अंशांवर. आणि दोहोंच्या मधले आकाश स्पष्टपणे काळवंडलेले. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर गेला की सपाट जमिनीवरून धनुष्य दिसत नाही. म्हणून भर दुपारी बारा वाजता आकाशात इंद्रधनुष्य पाहिले असे कुणी सांगितले, तर त्याने पाहिलेले बहुधा दुसरेच काहीतरी असते. ते दुसरे काय, हा या पुस्तकाचा खरा विषय.

जमिनीवर नागपूर ४५ अंशांनी तापलेले असते तेव्हाही आठ-दहा किलोमीटर वर कडाक्याची थंडी असते. तिथले तंतूंसारखे किंवा तलम पडद्यासारखे ढग बर्फाच्या बारीक कणांचे असतात, आणि बर्फाचा कण नीट वाढला की षट्कोनी होतो. प्रकाशकिरण त्याच्या एका बाजूतून आत शिरतो आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून बाहेर पडतो, तेव्हा त्याला ६० अंशांचा लोलक भेटल्यासारखे होते. अशा लोलकातून किरण कमीत कमी २२ अंशांनी वळतो. त्याहून कमी वळूच शकत नाही. त्यामुळे सूर्यापासून २२ अंशांवर प्रकाश दाटतो आणि कडे तयार होते. कड्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा गडद दिसते तेही याच कारणाने. तांबडा रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून तो आतल्या कडेला, सूर्याच्या बाजूला येतो. इंद्रधनुष्यात तो बाहेरच्या कडेला असतो. बंगळुरूच्या छायाचित्रांत तांबूस कड आतल्या बाजूला आहे. ते इंद्रधनुष्य नव्हते याचा पुरावा खुद्द छायाचित्रांतच होता.

हे २२ अंश मोजायला यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांबवावा, पंजा ताणावा आणि अंगठ्याच्या टोकाने सूर्य झाकावा. करंगळीचे टोक जिथे जाते तिथे कडे असते. माणसाचा हात लांब असेल तर पंजाही त्या मानाने मोठा असतो, त्यामुळे हे माप लहानथोर सगळ्यांना सारखेच लागू पडते. त्याच लांबवलेल्या हाताची मूठ १० अंश भरते. डोळे सांभाळण्यासाठी सूर्य विजेच्या खांबाआड, पाण्याच्या टाकीआड किंवा इमारतीच्या कोपऱ्याआड धरावा. ही सवय एकदा लागली की पातळ ढगाच्या दिवशी हात आपोआप वर जातो.

आपण ज्याला खळे म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. चंद्राला अगदी चिकटून, तांबूस किनारीचे जे लहान तबक दिसते, ते पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनी प्रकाश पसरवल्यामुळे होते आणि त्यात तांबडा बाहेर असतो. चंद्रापासून वीतभर दूर, मधले आकाश मोकळे सोडून जे मोठे वर्तुळ दिसते, ते बर्फाचे. आपल्या शेतकऱ्यांनी लांबचे खळे आणि जवळचे खळे असा भेद करून त्यावरून पावसाचे आडाखे बांधले आहेत. आडाखे किती वेळा खरे ठरतात हा वेगळा विषय, पण दोन्ही वर्तुळे निराळी आहेत हे उघड्या डोळ्यांनी हेरणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

बर्फाचे कण कसे पडतात यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ते कसेही गडगडत पडत असतील तर पूर्ण वर्तुळ दिसते. पण पातळ, पसरट कण झाडाचे पान तरंगत खाली यावे तसे आडवे राहून उतरतात. मग सूर्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, साधारण २२ अंशांवर, दोन तेजस्वी ठिपके उमटतात. हे प्रतिसूर्य. तांबडी कड सूर्याच्या बाजूला आणि पलीकडे पांढरट शेपूट, अशी त्यांची ठेवण असते. सूर्य खाली असताना ते ठळक दिसतात, म्हणून सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी साडेचारनंतर पाहावे. त्याच वेळी मान आणखी वर करून जवळजवळ डोक्यावर पाहिले, तर कधी कधी उलटा, हसऱ्या ओठांसारखा कंस दिसतो. त्याचे रंग इंद्रधनुष्याहून शुद्ध असतात. सूर्य ३२ अंशांच्या खाली असेल तरच तो उमटतो आणि २२ अंशांच्या आसपास असताना सर्वांत देखणा असतो. म्हणजे आपल्याकडे मार्च-सप्टेंबरात सकाळी आठच्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्या वेळी आपण घाईत असतो आणि थेट डोक्यावर कुणीच पाहत नाही. इतकी सुंदर गोष्ट इतकी दुर्लक्षित राहावी याचे मला वाईट वाटते.

याच कंसाचे भावंड सूर्याच्या खाली, क्षितिजाला समांतर पसरते. इंग्रजीत त्याला सर्कमहॉरिझॉन्टल आर्क म्हणतात. समाजमाध्यमांवर ते ‘फायर रेनबो’ या नावाने फिरते, पण त्यात आग नसते आणि पाऊसही नसतो. आडव्या कणाच्या उभ्या बाजूतून किरण आत शिरतो आणि तळातून बाहेर पडतो; सूर्याच्या ४६ अंश खाली रंगांचा रुंद पट्टा उमटतो. ढग तुकड्यातुकड्यांचा असेल तर तेवढेच तुकडे पेटल्यासारखे दिसतात. त्यासाठी सूर्य ५८ अंशांहून वर असावा लागतो. इथे आपला देश नशीबवान ठरतो. लंडनमध्ये सूर्य वर्षातून जेमतेम दोनेक महिने, तेही भर दुपारी, एवढ्या उंचीवर येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला तो कधीच येत नाही. युरोपीय पुस्तकांत या पट्ट्याला फार दुर्मीळ म्हटले आहे ते त्यांच्या आकाशापुरते खरे आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत सूर्य रोज ही उंची गाठतो. ढगांनी साथ दिली तर आपल्याकडे तो दिसायला आठ महिन्यांहून अधिक काळ मोकळा आहे.

वेळही नेमकी सांगता येते. सूर्य ६८ अंशांच्या आसपास असताना हा पट्टा सर्वांत उजळ असतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य मध्यान्हाला जवळजवळ डोक्यावर येतो, आणि त्या वेळी पट्टा उलट फिका पडतो. म्हणून मेमध्ये सकाळी अकराच्या सुमारास पूर्वेकडे आणि दुपारी दोनच्या सुमारास पश्चिमेकडे, क्षितिजापासून दोन मुठी वर पाहावे. मार्चच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात मध्यान्हाच्या आसपास दक्षिणेकडे पाहावे. परदेशी पुस्तकांतली कोष्टके इथे उपयोगी पडत नाहीत, म्हणून परिशिष्टात महाराष्ट्र आणि गोव्याच्या अक्षांशांसाठी महिनावार वेळा दिल्या आहेत. या पुस्तकातले तेवढेच पान फाडून कुणी खिशात ठेवले, तरी माझी हरकत नाही.

सूर्याकडे पाठ करून दिसणाऱ्या प्रकाशांत महाराष्ट्राचे स्वतःचे एक नाव आहे: इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, आत वळलेला आणि सरळ तुटलेला. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना कोकणातून धुके वर येऊन कड्याखालची पोकळी भरून टाकते. सकाळी सूर्य पाठीमागून वर आला आणि नेमके तेव्हा धुके कड्याच्या खालीच थांबले, तर कड्यावर उभ्या माणसाची सावली त्या धुक्यावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांची लहान, पूर्ण वर्तुळे दिसतात. शेजारी चार जण उभे असले तर चौघांच्या सावल्या दिसतील, पण प्रत्येकाला कडे दिसेल ते स्वतःच्याच डोक्याभोवती. चीनमधल्या अमेई पर्वतावर भाविक याला बुद्धाची प्रभा मानत आले, आणि जर्मनीतल्या ब्रोकेन शिखरावरच्या सावलीला तर भुताचेच नाव पडले. थेंबांनी प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवल्याचा हा परिणाम. तो साध्या परावर्तनाने समजत नाही. त्याची नीट मांडणी विसाव्या शतकात झाली. थेंब जितके बारीक, तितकी वर्तुळे मोठी.

इंद्रवज्राची चर्चा निघाली की कर्नल साइक्सचे नाव निघते, आणि १८३५ साली त्याने ते पाहिले असे ट्रेकर मंडळी सांगतात. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई इलाख्यातला लष्करी अधिकारी. पक्षी, मासे, शेती, हवामान अशा सगळ्यांची नोंद ठेवणारा. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा प्रदीर्घ लेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये छापला गेला. ते साल लेखाचे आहे. त्याची दख्खनमधली पाहणी त्याआधीची. कड्याच्या टोकावर, धुक्याच्या किंचित बाहेर तो उभा होता, सूर्य पाठीशी आणि बराच खाली होता, आणि समोरच्या पूर्ण वर्तुळात त्याची स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली होती, असे तो लिहितो. सूर्य कुठे होता हे न चुकता लिहिल्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. एक गोष्ट मात्र राहिली. वर्तुळाचा व्यास त्याने पन्नास-साठ फुटांत सांगितला, अंशांत सांगितला नाही. अशा प्रकाशाला फुटांचे माप लागू होत नाही, कारण धुके किती दूर होते त्यावर ते बदलते. बाहेरच्या बाजूला आणखी एक फिके धनुष्य असल्याचेही तो नोंदवतो. त्याने पाहिलेले कडे आज आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो ते लहान वलय होते, की ४० अंशांच्या घरातले धुक्याचे मोठे धनुष्य, की दोन्ही एकदम, हे त्या एका आकड्याअभावी पक्के ठरवता येत नाही. लांबवलेला हात आणि ताणलेला पंजा तेव्हाही पुरला असता.

कोकणकड्याला मान मिळाला तो योग्यच, पण इंद्रवज्र त्याची एकट्याची मालमत्ता नाही. सह्याद्रीच्या धारेवर पश्चिमेला तुटलेला कोणताही कडा, खाली धुके आणि पाठीशी कोवळे ऊन, एवढे जुळून आले की ते दिसू शकते. आणि गड चढणे ज्यांना शक्य नाही त्यांनी विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यावी. खालच्या ढगांवर विमानाची सावली शोधली की तिच्याभोवती ते बऱ्याचदा सापडते.

आपल्या पूर्वजांनी हे सगळे पाहिले नव्हते असे नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परिवेष, इंद्रायुध आणि प्रतिसूर्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. म्हणजे खळे, धनुष्य आणि सूर्याशेजारचा खोटा सूर्य या तीन निराळ्या गोष्टी आहेत हे त्याला ठाऊक होते. आज बातमी देताना आपण त्या तिन्हींना इंद्रधनुष्य म्हणतो. सूर्य-चंद्राचे किरण वाऱ्याने वर्तुळाकार होऊन पातळ ढग असलेल्या आकाशात अनेक रंगांनी दिसतात, तो परिवेष, असे तो सांगतो. यातला वारा आज टिकत नाही, पण पातळ ढगाचे निरीक्षण अचूक आहे. अध्यायांचा बराचसा भाग शुभाशुभ फळांनी व्यापला आहे. ती फळे मी बाजूला ठेवतो आणि डोळे तेवढे घेतो.

युरोपातही याहून वेगळे घडले नाही. २० एप्रिल १५३५ रोजी स्टॉकहोमवर खोट्या सूर्यांचा आणि कड्यांचा मोठा गोफ दिसला. लोकांनी त्यात ईश्वरी कोप पाहिला. तिथला धर्मसुधारक ओलाउस पेत्री याने त्या दृश्याचे चित्र काढवून घेतले. मूळ चित्र गेले; १६३६ मध्ये केलेली त्याची नक्कल शहराच्या जुन्या चर्चमध्ये आजही टांगलेली आहे. त्यातले कोणते कडे कोणत्या कणांमुळे झाले, याची आज बरीचशी उकल करता येते. अर्थ लावणारे चुकले, पण चित्र काढवून घेणाऱ्याने पुढच्या पिढ्यांच्या हाती ऐवज ठेवला.

आणि नुसते पाहण्यातून काय निघू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण स्कॉटलंडचे. १८९४ च्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिला. तिथे त्याने ढगांवर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत वलये पाहिली, आपल्या कोकणकड्यावर दिसतात तीच. ती प्रयोगशाळेत तयार करावीत म्हणून त्याने काचेच्या भांड्यात ढग बनवायला सुरुवात केली. त्यातून ‘क्लाउड चेंबर’ जन्माला आले, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्भारित कणांचे मार्ग माणसाला प्रथमच दिसू लागले. त्यासाठी १९२७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

चांदण्यातले इंद्रधनुष्य, ढगांच्या कडांवरच्या मोरपंखी छटा, ध्रुवप्रदेशातले शिंपल्याच्या रंगाचे ढग यांच्यावर पुढे छोटी प्रकरणे आहेत. इथे त्यांचा नुसता उल्लेख पुरे. फसव्या छायाचित्रांबद्दल मात्र आताच सांगायला हवे. फोनच्या भिंगात सूर्याचा प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन हिरवे-जांभळे ठिपके आणि कमानी उमटतात. हाताने भिंगावरचे ऊन अडवले की ते नाहीसे होतात. आकाशातला खरा प्रकाश तसाच राहतो. छायाचित्रातले रंग चढवून पुढे पाठवणे तर सर्रास चालते. त्यामुळे पाहणाऱ्याने हाताने लिहिलेली चार ओळींची नोंद मला झगझगीत छायाचित्रापेक्षा अधिक मोलाची वाटते.

अशा नोंदी मराठीत फार थोड्या आहेत. हवामान खात्याचे निरीक्षक आपल्या केंद्रापुरते पाहतात, पण गावोगावच्या गच्च्या, शेते आणि गडमाथे त्यांच्या आवाक्यात नाहीत. ते वाचकांच्या आवाक्यात आहेत. म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे: आकाशात असा प्रकाश दिसला की तारीख, घड्याळातली वेळ आणि गावाचे नाव लिहा. सूर्य किती मुठी वर होता, रंग त्याच्यापासून किती मुठींवर किंवा किती विती दूर होते, आणि तांबडा रंग कोणत्या बाजूला होता ते लिहा. ढग कसे होते तेही लिहा. कोकणकडा सोडून दुसऱ्या कुठल्या कड्यावर इंद्रवज्र दिसले, तर ती नोंद आवर्जून ठेवा, आणि क्षितिजालगतचा रंगीत पट्टा दिसला तर तो पूर्ण मावळेपर्यंत दर पाच मिनिटांनी वेळ टिपा. वही कोणतीही चालेल, पण नोंद त्याच दिवशी करा.